नववीतला पोरगा, कापसाची वेचणी आणि कॅटलॉगमधल्या लाल खुणा

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा नववीत, आठवीपर्यंत पहिल्या पाचांत असायचा. घरची सहा एकर कपाशी. दसऱ्यानंतर वेचणीला माणूस मिळत नाही, म्हणून आठवड्यातून दोन दिवस त्याला घरी ठेवतात. गावातच संध्याकाळचा क्लास लावलाय. वर्गशिक्षकांचे सारखे फोन येतात. ‘दहावीला एकही दिवस बुडू देणार नाही, पण नववीत असं काय बिघडतं?’ आणि जाता जाता लिहिलंय की धाकटी मुलगी आठवीत आहे, तिचीही शाळा अधूनमधून बुडते.

भाऊ, मी २९ वर्षं गणित-विज्ञान शिकवलं. आधी जळगाव जिल्ह्यात, शेवटची काही वर्षं तळोद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी. कापसाच्या दिवसांत अर्धा वर्ग रिकामा बघायची मला सवय आहे, आणि सहा एकरांचा कापूस झाडावर लोंबत असताना बापाच्या पोटात काय होतं तेही ठाऊक आहे. अवकाळीचा एक पाऊस आला की पांढरं सोनं काळं पडतं. तेव्हा ‘शाळा म्हणजे शाळा’ असं सुनावायला मी बसलेली नाही. पण पोराने घरी काढलेल्या दोन दिवसांपेक्षा मला तिसऱ्या दिवसाची जास्त काळजी वाटते, ज्या दिवशी तो पुन्हा वर्गात येऊन बसतो. ते नीट सांगते.

आधी हिशोब करू, कारण शाळेचा फोन आला की पालकांना वाटतं सर नियमावर बोट ठेवताहेत. दहावीला नियमित विद्यार्थी म्हणून बसायचं तर बोर्डाला ७५ टक्के हजेरी लागते. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस शाळा सांगितली आहे. नववीलाही साधारण तेवढेच धरा. म्हणजे १६५ दिवस हजर राहिलं की नियम पाळला गेला. ५५ दिवस बुडाले तरी चालतं. आठवड्याचे सहा दिवस धरले तर हे नऊ आठवड्यांच्या वर होतं. आता तुमचा मुलगा. दसऱ्यापासून जानेवारीअखेरपर्यंत दिवाळीची सुट्टी वगळून १४ आठवडे धरू. दोन-दोन दिवस म्हणजे २८. त्यात ताप, लग्नं, गावची यात्रा मिळून आणखी १४ टाका. एकूण ४२. वर्षाची हजेरी निघते जवळजवळ ८१ टक्के. नियमात अगदी आरामात बसतो.

पण त्याच १४ आठवड्यांपुरता हिशोब मांडला तर ८४ दिवसांतले २८ गेले. तिसरा हिस्सा. पीक वर्षभराच्या पावसाच्या बेरजेवर येत नाही हे तुम्हाला मी काय सांगणार? पाऊस कोणत्या आठवड्यात दडी मारतो त्यावर सगळं ठरतं. शाळेचंही तेच.

त्या आठवड्यांत वर्गात काय चाललेलं असतं ते बघा. नववीच्या बीजगणितात सहामाहीच्या आसपास बहुपदी संपत आलेली असते, दिवाळीनंतर दोन चलांतली रेषीय समीकरणं येतात. आता दहावीचं बीजगणिताचं पुस्तक उघडा. पहिलंच प्रकरण दोन चलांतली रेषीय समीकरणं, दुसरं वर्गसमीकरणं. म्हणजे जूनमध्ये दहावीचे सर ज्या पायावर भिंत चढवायला घेतात, तो पाया वेचणीच्या दिवसांत भरलेला असतो. ‘दहावीला एकही दिवस बुडू देणार नाही’ हे तुमचं म्हणणं मनापासून असेल, पण दहावीची सुरुवात नववीच्या दिवाळीलाच होते.

विज्ञानात प्रयोगाचा तास आठवड्यातून ठरलेल्या वारी असतो. तुमचे दोन दिवस कोणते वार आहेत? सोमवार-गुरुवार ठरलेले असतील आणि प्रयोग गुरुवारी असेल, तर पोराने चार महिन्यांत एकदाही परीक्षानळी हातात धरलेली नसते. दहावीला विज्ञानाचे २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, तिथे हात थरथरतो तो इथूनच. गणिताचे, भाषांचे, सामाजिक शास्त्रांचेही प्रत्येकी २० गुण शाळेच्या हातात असतात. ते गृहपाठ, तोंडी परीक्षा, उपक्रम यांतून मिळतात. गैरहजर पोराला शिक्षक किती उदार होऊन देणार?

इंग्रजीचं तर बोलूच नका. आपल्या घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, टीव्हीवर हिंदी. इंग्रजीचं वाक्य पोराच्या कानावर पडतं ते दिवसाच्या एका तासात, पस्तीस-चाळीस मिनिटं. पुस्तकी मराठीचंही थोडंफार तसंच. हे क्लासमध्ये भरून निघत नाही. तुमच्या गावचा क्लास वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझेच दोन विद्यार्थी आता क्लास चालवतात. पण क्लासवाला शाळेत शिकवून झालेल्या गोष्टीचा सराव घेतो. पेरणीच झाली नाही तिथे कोळपणी कशाची करणार?

आता कॅटलॉगबद्दल. हजेरीपटाला आम्ही मास्तर लोक कॅटलॉग म्हणतो. मी गैरहजेरी नेहमी लाल पेनने मांडायचे. महिना संपला की पान जरा लांब धरून बघायचं. एखाद्या तारखेखाली वरपासून खालपर्यंत लाल पट्टा उतरलेला दिसला की समजायचं, बाजाराचा दिवस. एखाद्या नावापुढे लागोपाठ लाल, पान संपेपर्यंत, म्हणजे ते घर ऊसतोडीला गेलं. आणि काही नावांपुढे नुसते शिंतोडे. आज एक, परवा दोन, मग चार दिवस नीट, पुन्हा एक. मला सगळ्यात जास्त घोर या शिंतोड्यांचा लागायचा.

तळोद्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या मुकादमाची गाडी येते आणि कोयत्याबरोबर पोरंही गुजरातेत जातात. होळीला परततात. होळी सातपुड्यातल्या माणसाला चुकत नाही. ते पोर मार्चमध्ये वर्गात आलं की सगळ्यांना माहीत असतं हे कुठे होतं. त्याला काही येत नाही हे गृहीत असतं, म्हणून त्याला कोणी हसत नाही. आम्ही शाळा सुटल्यावर तासभर थांबवून घ्यायचो. त्यातली सगळी पुढे गेली असं नाही, पुष्कळ गळाली, खोटं कशाला बोलू. पण तुमच्या मुलासारख्याची गोष्ट वेगळी. तो ‘हजर’ मुलांत मोजला जातो. त्याला येत असणार असं शिक्षक धरून चालतात, वर्ग धरून चालतो, तो स्वतःही धरून चालतो. आणि फळ्यावर बघतो तर काल-परवाचं काहीतरी पुढे चाललेलं असतं.

इथे माझी एक चूक सांगते. बरीच वर्षं झाली. नववीचाच वर्ग, बहुपदीचे अवयव चालू होते. एक मुलगा पाच-सहा दिवसांनी आला होता. त्याआधीही असाच अधूनमधून बुडायचा. मी त्याला फळ्याजवळ बोलावलं. उदाहरण साधं होतं, एक्सचा वर्ग अधिक पाच एक्स अधिक सहा. यात मधलं पद फोडायचं असतं. कोणत्या दोन संख्यांची बेरीज पाच आणि गुणाकार सहा? दोन आणि तीन. मग पाच एक्सच्या जागी दोन एक्स अधिक तीन एक्स लिहायचं, की दोन-दोन पदांतून सामाईक काढता येतं. ही एक खुबी आहे. दाखवली तर पाच मिनिटांत येते आणि दाखवली नाही तर चांगल्या हुशार माणसालाही सहजासहजी सुचत नाही. ती मी त्याच्या आदल्या दिवशी शिकवली होती. तो खडू धरून उभा. बोटांची टोकं सगळी खरचटलेली, वाळलेल्या बोंडाची टोकं लागून होतात तशी. मला ती दिसली होती, हे आज कबूल करते. तरी मी म्हणाले, ‘काय राजे, सुट्टी संपली वाटतं?’ वर्ग हसला. त्याने खडू ठेवला आणि जागेवर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात दोन दिवस आला, मग एक. सहामाहीनंतर बंदच. वर्षअखेरीला त्याचं नाव पटावरून कमी केलं, त्या नोंदीवरचं अक्षर माझंच आहे.

कापसाने त्याची शाळा सोडवली असं त्याच्या घरचे म्हणायचे. शाळेतही आम्ही तेच म्हणत होतो. सोयीचं होतं ते.

त्यानंतर मी परतणाऱ्या पोराकडे पहिले दोन दिवस प्रश्न टाकणं बंद केलं. त्याच्या शेजारी जो मुलगा बसतो त्याला सांगायचे, मधल्या सुट्टीत याला काल काय झालं ते वहीतून दाखव. फार काही मोठं नाही, दहा मिनिटांचं काम. पण गैरहजेरीचं चक्र बहुतेक वेळा तिथेच तुटतं. एक दिवस बुडला, दुसऱ्या दिवशी समजलं नाही, समजलं नाही म्हणून लाज वाटली, लाज वाटली म्हणून तिसऱ्या दिवशी पोट दुखलं. ‘एक दिन नही गया ते काय व्हई जाई?’ असं आपल्याकडे म्हणतात. एका दिवसाने काही होत नाही, खरंय. पण तो दिवस एकटा राहत नाही.

नववीतच हे इतकं का होतं, याची आणखी कारणं आहेत. आठवीपर्यंत नापास करून त्याच वर्गात बसवायची पद्धत बरीच वर्षं नव्हती, त्यामुळे मागे राहिलेलंही पुढे सरकायचं. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, फुकट पुस्तकं आठवीपर्यंत, शिक्षण हक्क कायद्याचं छत्रही आठवीपर्यंत. नववीत गेलं की खिचडीचं पातेलं बंद, पुस्तकं विकत, आणि निकालात खराखुरा ‘नापास’. त्यात पोराच्या अंगात ताकद आलेली असते, शेतात तो पूर्ण माणसाचं काम करतो, घरात त्याचं कौतुक होतं. शाळेत मान खाली आणि शेतात मान वर, अशी गत झाली की चौदा वर्षांचं पोर कुठे जाईल?

तर तुम्ही काय करायचं. वेचणी बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही ती करणार नाही आणि माझं उरलेलंही वाचणार नाही.

पहिलं म्हणजे शाळेत फोनवर बोलू नका, स्वतः जा. वर्गशिक्षकांकडून त्या तुकडीचं वेळापत्रक लिहून आणा आणि दिवाळीनंतर गणितात, विज्ञानात कोणता घटक कधी चालणार ते विचारा. शिक्षकांकडे वार्षिक नियोजन असतंच. मग घरी ठेवायचा वार ठरवा. दर आठवड्याला तोच वार कधीही नको. ज्या दिवशी प्रयोग आहे तो दिवस नको, नवा घटक सुरू होतो तो दिवस तर नकोच. शनिवारी सकाळची शाळा असते, अकराच्या आत पोरगा मोकळा. शनिवार दुपार आणि रविवार आधी वापरून घ्या. तुम्ही म्हणाल रोज सकाळी शाळेआधी दोन तास नेतो. दवात वेचलेला कापूस ओला भरतो आणि व्यापारी कट्टी लावतो, म्हणजे वजनात कपात करतो, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता, आणि पोर झोपाळलेलं शाळेत येतं ते वेगळंच. असं केल्यावर मला वाटतं दोन दिवसांचा एक दिवस होईल. २८ चे १४ होतील. मजुराचा रोज त्या १४ दिवसांपुरता द्यावा लागला तर तो जूनमधल्या बियाण्याच्या खर्चासारखा धरा.

दुसरं, ज्या दिवशी घरी ठेवाल त्याच्या आदल्या दिवशी चार ओळींची चिठ्ठी तुमच्या सहीने द्या. ‘उद्या शेतात काम आहे म्हणून येणार नाही.’ खरं कारण लिहा. आजारपण लिहू नका. पोराला शिक्षकांसमोर खोटं बोलायला लागलं की त्याला परत यायची आणखी एक अडचण होते. माझ्याकडे अशी चिठ्ठी आणणाऱ्या मुलाला मी कधी रागावले नाही, आणि माझ्या ओळखीतले दुसरे शिक्षकही सहसा रागावत नाहीत. रागावलेच तर तुम्ही जाऊन बोला. तुमची सही आहे, त्याची नाही.

तिसरं मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. घरी राहिलेल्या दिवशी संध्याकाळी, कितीही दमला असला तरी, वर्गातल्या एका ठरलेल्या मित्राकडे त्याला पाठवा किंवा त्याच्या वहीचे फोटो मागवा. सगळं उतरवून काढायला लावू नका, त्यात रात्र जाते आणि डोक्यात काही शिरत नाही. गणिताचं सोडवलेलं एक उदाहरण, विज्ञानाची एक आकृती, इंग्रजीच्या धड्याचं एक पान, बस. दुसऱ्या दिवशी वर्गात फळा त्याला अनोळखी दिसता कामा नये. आणि त्या दिवशी शाळेतून आल्यावर ‘किती गुण’, ‘कुठला नंबर’ हे विचारू नका. ‘आज सरांनी फळ्यावर काय सोडवलं, मला दाखव’ एवढंच विचारा. तुम्हाला कळलं नाही तरी चालेल. दाखवता आलं तर तो सावरलाय. ‘काही नाही, तेच ते’ असं उत्तर सलग दोनदा आलं तर दुसऱ्याच दिवशी वर्गशिक्षकांना गाठा. कापूस थांबेल.

तो आता किती मागे आहे हे बघायचं असेल तर वर दिलेलं उदाहरणच त्याला घालून बघा. मधलं पद फोडता आलं तर वेळ गेलेली नाही. नाही आलं तर जानेवारीची वाट बघू नका.

आता मुलीचं. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली, त्यावर मला जास्त लिहावंसं वाटतंय. आठवीतल्या मुलीची शाळा ‘अधूनमधून’ बुडते म्हणजे नेमकी कधी, हे तिच्या आईला विचारा. धाकट्याला सांभाळायला, पाहुणे आले म्हणून, बाजाराच्या दिवशी घर बघायला, का महिन्याच्या त्या दिवसांत? शेवटचं कारण असेल तर महिन्याला तीन दिवस धरले तरी वर्षाला तीस होतात. आणि त्याचा दोष तिच्या अंगाला देऊ नका. शाळेतल्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, आत पाणी येतं का, हे तिच्या आईने एकदा जाऊन बघावं. एका शाळेत मी कडी स्वतः आणून बसवून घेतली होती, नव्वद रुपयांची. पुढच्या महिन्यात कॅटलॉग बघून माझा मलाच राग आला, हे मी आधी का नाही केलं म्हणून.

शाळा लांब असेल तर ग्रामीण भागातल्या मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. ज्या तालुक्यांत मानव विकास कार्यक्रम चालतो तिथे मुलींसाठी शाळेच्या वेळेच्या बस आहेत, गरजू मुलींना सायकलही मिळते. तुमच्या शाळेतल्या क्लार्ककडे विचारा. पण बसवर सगळी भिस्त ठेवू नका. कोरोनाच्या बंदनंतर २०२१ साली ४ ऑक्टोबरला शाळा उघडल्या, पोरं पुन्हा वर्गात आली, आणि महिन्याभरात एसटीचा संप झाला. तो थेट पुढच्या एप्रिलपर्यंत. त्या हिवाळ्यात मुलगे कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून येत राहिले. मुली घरी राहिल्या. माझ्या वर्गातल्या दोघी परत आल्याच नाहीत. एकीचं पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लग्न झालं, वय तुम्ही विचारू नका. तेव्हापासून मी प्रत्येक मुलीच्या बापाला विचारते की बस आली नाही तर हिला कोण सोडणार, ते आजच ठरलंय का? नाव सांगा.

तुमची मुलगी पुढच्या जूनमध्ये नववीत येईल, आणि मुलगा दहावीत. कपाशी तीच, सहा एकरही तेच. मुलगा दहावीला म्हणून तुम्ही त्याला शेतात नेणार नाही. मग वेचणीला कोण जाणार, हे तुमच्या प्रश्नात लिहिलेलं नाही.